नावासकट जपलेला आवाज

अब्बांनी जमवलेल्या कॅसेटींत घरच्या मिलादमधल्या नातशरीफ होत्या, उरुसातल्या कव्वाल्या होत्या, यूसुफ आझाद आणि शकीला बानो भोपालीही होत्या. प्रत्येक डबीतल्या कार्डावर अब्बा उर्दूत लिहून ठेवत : आवाज कोणाचा, जागा कोणती, साल कोणतं. काही वर्षांपूर्वी आम्ही हे सगळं संगणकावर उतरवलं, कार्डांवरची माहिती एकेका फाइलीला जोडली आणि बोरीवलीच्या लहान घरात जागा नाही म्हणून कॅसेटी कार्डांसकट रद्दीत दिल्या.

पुढे संगणक कुरकुरू लागला. आम्ही घाईघाईने सारा संग्रह पेनड्राइव्हवर घेतला. घेताना फाइलींचा प्रकार बदलला आणि न तपासताच संगणक भंगारवाल्याला दिला. आवाज आला, नावं मागे राहिली. उरली ती ट्रॅक १, ट्रॅक २ अशी रांग.

चूक कुठे झाली ते नंतर उमगलं. एमपी३ फाइलीत माहितीचा वेगळा कप्पा असतो, त्याला टॅग म्हणतात. १९९६ मधला पहिला आयडी३ टॅग अवघा १२८ बाइटांचा होता. गाण्याच्या नावाला त्यात ३० बाइट. उर्दू-मराठी नावांची त्यात प्रश्नचिन्हं होत. नंतरच्या टॅगांत युनिकोड बसतं. फाइल जशीच्या तशी कॉपी केली तर टॅग सोबत जातो. प्रकार बदलला, विशेषतः वेव्ह केला, तर तो गळू शकतो. आवडत्या गाण्यांच्या याद्या तर बहुधा फाइलीत नसतातच, त्या अ‍ॅपमध्ये असतात. त्या वेगळ्या जपाव्या लागतात.

१९०२ साली कलकत्त्यात गौहर जान रेकॉर्डसाठी गायल्या. गाणं संपताना त्या इंग्रजीत आपलं नाव सांगत. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत. तिथल्या कारागिरांना लेबलवर कोणाचं नाव घालायचं ते कळावं, म्हणून ही सोय होती असं सांगतात.

आम्ही मगरिबनंतर रोज दोन-चार फाइली अब्बांना ऐकवू लागलो. अल्हम्दुलिल्लाह, बहुतेक आवाज त्यांनी ओळखले. एका नातशरीफवर मात्र थांबले. तीनदा ऐकली. म्हणाले, "आवाज आपल्या घरातल्याच बाईचा आहे. नाव ओठावर येत नाही."

हदीसच्या विद्वानांनी मजकुराइतकीच सनद जपली. ज्या रावीची ओळख पटत नाही त्याला ते 'मजहूल' म्हणतात, अंदाजाने नाव देत नाहीत. आमचा संग्रह कुठे आणि ते इल्म कुठे! पण प्रामाणिकपणा तिथूनच शिकावा. त्या फाइलीवर आम्ही 'मजहूल' एवढंच लिहिलं.

आता संग्रहाच्या तीन प्रती आहेत : एक संगणकात, एक हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या नातेवाइकांच्या घरी. नावांची यादी वहीतही उतरवली आहे. प्रत घेतली की पाच-सहा फाइली उघडून नावं पाहतो, मगच जुनी प्रत पुसतो.

आणि घरातलं मूल नातशरीफ म्हणतं, तेव्हा रेकॉर्डिंग बंद करण्याआधी त्याला नाव, गाव आणि तारीख सांगायला लावतो.