खोपिवलीपासून आहुप्यापर्यंत

मुरबाड

चि. छोटीस,


तुझा मोहिमेचा आराखडा नीट वाचला. सहा जणांचा चमू, तंबू, कॅमेरे, जुलैचे तीन आठवडे. सामानाची यादी चोख आहे. शोधायचं काय, ते मात्र ‘जैवविविधतेचा अभ्यास’ एवढ्यावर उरकलंस. मला काळजी तिथेच वाटते.

वनपिंगळ्याची गोष्ट तुला ठाऊक आहे. मोहीम कशी आखावी यासाठी ती पुन्हा वाच. १८८४ नंतर हा पक्षी खात्रीने कुणाला सापडला नव्हता. माइनर्ट्‌झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत मिळवल्याचा दावा केलेला एक नमुना तेवढा संग्रहालयात होता, आणि त्यावर विसंबून शोध भलतीकडेच चालला. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी रानात जाण्याआधी संग्रहालयातले जुने नमुने तपासले. तो नमुना डेव्हिडसन नावाच्या जुन्या संग्राहकाने खानदेशात मिळवलेल्यांपैकीच, चोरून नवी चिठ्ठी डकवलेला निघाला. मग खऱ्या चिठ्ठ्यांचा माग काढत नोव्हेंबर १९९७ मध्ये त्या शहाद्याजवळ पोचल्या, आणि ११३ वर्षांनी पक्षी दिसला. पुढे २०१४ मध्ये तोच पिंगळा आपल्या तानसा अभयारण्यात सापडला! मुंबईला पाणी पाजणाऱ्या तलावाभोवतीचं सागाचं रान ते, आणि पक्षी दिवसाढवळ्या फांदीवर बसणारा. तो इथे असेल असं मनात धरून कुणी पाहिलंच नसावं.

तेव्हा आधी प्रश्न ठरव. आपल्याकडे सदाहरित रान म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावरची अरुंद पट्टी. खाली मुरबाड-शहापुरात साग, ऐन, पळस. उन्हाळा लागला की पानगळ. खोपिवलीहून आहुपे घाट चढायला लागलीस की हे पालटत जातं. वर जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा, आणि या झाडावरून त्या झाडावर गेलेला गारंबीचा जाडजूड वेल. पाऊस मात्र दोन्हीकडे जून ते सप्टेंबरच. मग उरलेले आठ महिने माथ्यावरचं रान हिरवं राहतं ते कशाच्या जोरावर? उंची, माती, धुकं, की देवराईतली कुऱ्हाडबंदी? पायथा ते माथा एकच वाट धर, ठरावीक उंचीवर चौकोन आख आणि तेच चौकोन वर्षभर, ऋतू बदलेल तसे मोज. देवरायांवर माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात लिहिलंय, ते निघण्याआधी वाच.

जुलै तर नकोच. तेव्हा भाताची लावणी असते, गावातला जाणता माणूस चिखलात उभा असतो. आणि ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्यावाचून तुला इथलं रान दिसणार नाही. शेकरू एकापेक्षा जास्त घरटी बांधतं, तीही दोन झाडांचे शेंडे भेटतात तिथल्या बारीक फांद्यांत. त्यातलं वापरातलं कुठलं नि सोडून दिलेलं कुठलं, हे आमच्या शेजारचे ठाकरबाबा खालूनच, घरट्यातल्या पानांच्या रंगावरून सांगतात. अशा माणसाला नुसता वाटाड्या म्हणून नेऊ नकोस. रोजची मजुरी आधी ठरव, वेळेवर दे, आणि अहवालात सहकारी म्हणून त्याचं नाव घाल.

अभयारण्यात अभ्यास करायचा तर वन्यजीव कायद्याच्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, त्यांचं कार्यालय नागपूरला. परदेशी विद्यापीठाचे दोघे येणार म्हणतेस, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचं दार आधी ठोठाव. पण माझ्या लेखी या सगळ्याहून मोठी ग्रामसभा. शहापूर तालुका अख्खा आणि मुरबाडची काही गावं अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे ग्रामसभेला अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याखाली येतात. गावापुढे उभी राहा, काय नेणार, काय परत आणून देणार, ते मराठीत सांग. वाटेल ते प्रश्न येतील, त्यांची उत्तरं दे.

दोन गोष्टी सामानाच्या यादीत नाहीत. नमुन्यासाठी कागदात दाबलेल्या फांद्यांना पावसात लगेच बुरशी धरते. रद्दी भरपूर आण, कागद रोज बदल आणि गड्ड्या कुणाच्या तरी चुलीवरच्या माळ्यावर ठेव. दुसरी गोष्ट चापड्याची. हिरवागार साप, कारवीच्या काटकीवर पानात पान होऊन बसतो. दवाखान्यातली सापाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनवलेली आहे, चापड्यासाठी तिचा भरवसा धरू नकोस. फांदीला हात घालण्याआधी काठी फिरवायची सवय सगळ्यांना आत्तापासून लाव.

कापणी उरकली की, दिवाळीनंतर, तू एकटी ये. कल्याणहून मुरबाडची एसटी मिळते, पुढे मी आहेच. घाट चढू, आहुप्यात मुक्काम करू, ग्रामसभा कधी घ्यायची ते सरपंचांशी बोलू. बाकीच्यांची तिकिटं त्यानंतर काढ. तंबूवाल्याला आगाऊ पैसे दिले असशील तर आजच फोन करून तारीख पुढे ढकल.

तुझा,
मामा