धाकट्याची वही

मराठी समीक्षेत 'स्वमग्न' हा शब्द जुना आहे. कवी स्वमग्न असतो, कथानायिका स्वमग्न असते, आणि परीक्षेत दुसरे काही सुचले नाही की विद्यार्थी संपूर्ण नवकविताच स्वमग्न ठरवून मोकळा होतो. 'ऑटिझम'साठी आपण हाच शब्द उचलला. त्यात मराठीचा दोष नाही. स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी १९११च्या सुमारास मूळ संज्ञा घडवली तीच 'स्व' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, आणि तीही वेगळ्याच आजाराच्या एका लक्षणासाठी. १९४३मध्ये लिओ कॅनर यांनी ती मुलांच्या संदर्भात वापरली. असा हातोहात फिरत हा शब्द जामसंड्याला आमच्या घरी पोचला, तेव्हा आमच्या धाकट्या भावाने विशी ओलांडली होती. तोवर तो शाळेच्या कागदावर 'मतिमंद' होता आणि वाडीत 'खुळो'.

आम्ही म्हणजे त्याची मोठी दोन भावंडे. एक मराठी शिकवतो, दुसरी बँकेत आहे. दोघांचीही घरे आता गावाबाहेर. धाकटा आईजवळ राहतो. त्याला त्रेचाळिसावे चालू आहे, आईने चौऱ्याहत्तरी गाठली आहे.

तर हा स्वमग्न गृहस्थ. देवगड–निपाणी रस्त्यावरून जाणारी एसटी वेळेवर आहे की उशिरा, हे तो पडवीत बसून नुसत्या आवाजावरून ओळखतो. उशिरा असेल तर गाडी जाईपर्यंत उभा राहतो. शेजारच्यांचे बेडे उघडे राहिले तर जाऊन लावून येतो. आंब्याच्या दिवसांत पेटी भरायला बसला की प्रत्येक फळाचा देठ एकाच दिशेला, आणि डाग असलेले फळ कितीही समजावले तरी आत जात नाही. (देवगड हापूसला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आमच्या खळ्यात ते काम त्याआधीपासून काटेकोरपणे चालू आहे.) त्याला पुरती वाक्ये अशी पाचसहाच. पण जगाकडे इतके लक्ष असलेला दुसरा माणूस आमच्या घरात नाही. मग हा नेमका कोणत्या 'स्व'त मग्न आहे?

हा प्रश्न आम्हांला पडतो. आईला पडतो तो वेगळा: "माज्या मागे ह्येका कोण बघतला?"

पूर्वी कोकणात अशी माणसे घराघरांत सामावून जात, असे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. ते अर्धे खरे आहे. सामावून घेणारे 'घर' म्हणजे बहुधा एक बाई असे: विधवा आत्या, न लग्न झालेली बहीण, थोरली जाऊ. तिला उंबरा ओलांडून कुठे जायचे नव्हते, म्हणून तिच्या सावलीत आणखी एकाची सोय होत असे. आता वाडीतली निम्मी घरे मे महिन्यात आणि गणपतीला उघडतात. त्या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्यांनी त्या आत्येचे मत कधी विचारले होते, असे दिसत नाही.

जयवंत दळवी आमच्याच जिल्ह्यातले, वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचे. त्यांच्या 'नातीगोती' नाटकातला बच्चू वाचकांना आठवत असेल. अतुल परचुरे यांनी तो रंगमंचावर उभा केला होता. मतिमंद मुलाच्या आईबापांची दमछाक इतक्या उघडपणे मांडणारे नाटक मराठीत त्याआधी क्वचितच झाले असेल, आणि दळवींचे ते ऋण मोठे आहे. तरीही ते वर्गात शिकवताना एक गोष्ट खटकत राहते. नाटकाचे दुःख आईबापांचे आहे. बच्चू हे त्या दुःखाचे कारण आहे. दळवी १९९४मध्ये गेले. बच्चू जगात असता तर आज पन्नाशीच्या आसपास असता. कुठे राहिला असता? कोणाबरोबर जेवला असता? अशी माणसे प्रौढ होतात, केस पिकवतात, त्यांना दाढी करावी लागते, याची दखल आपल्या साहित्याने फारशी घेतलेली नाही. असो.

कायद्याने ती घेतली आहे, आपल्या रुक्ष पद्धतीने. १९९५च्या अपंगत्व कायद्यात स्वमग्नता नव्हतीच. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली आणि २०१६च्या कायद्यातील २१ प्रकारांत तिला स्वतंत्र नाव मिळाले. मूल १८ वर्षांचे झाले की आईबाप कायद्याने त्याचे पालक उरत नाहीत. न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्व नव्याने मागावे लागते. ज्या बाईने चाळीस वर्षे रोज त्याच्या पेजेत मीठ घातले, तिने आपण त्याची कोण हे सिंधुदुर्गनगरीला कागद देऊन सिद्ध करायचे. आई रागावली नाही. "कागद होयो," एवढेच म्हणाली. तिला त्या कागदात आपल्यानंतरची जागा दिसत होती.

तेच अठरावे वर्ष निवासी संस्थांच्या दारातही आडवे येते. बालगृहाची मुदत वयाशी बांधलेली असते. अमरावती जिल्ह्यात वझ्झर येथे शंकरबाबा पापळकरांनी अनाथ दिव्यांग मुलांना सांभाळले, त्यांना बाप म्हणून स्वतःचे नाव दिले आणि अठरा झाल्यावरही बाहेर काढायला नकार दिला. अशा मुलांना आयुष्यभर तिथेच राहता यावे असा कायदा ते मागत राहिले. त्यांना २०२४मध्ये पद्मश्री मिळाली. प्रौढांसाठीच उभारलेली घरेही आहेत, पण थोडी. डोंबिवलीजवळ खोणीला पालकांनीच एकत्र येऊन उभे केलेले 'घरकुल' आहे. मुळशी तालुक्यात कोळवणला १९९४पासून 'साधना व्हिलेज' आहे. तिथे मोठ्या वॉर्डाऐवजी कुटुंबासारखी घरे आहेत आणि सोबत राहणारी माणसे आहेत. या कल्पनेमागे स्कॉटलंडमधील कॅम्पहिल वस्त्यांचा आदर्श आहे. ऑस्ट्रियातून परागंदा झालेल्या कार्ल कोनिग या बालरोगतज्ज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर त्या सुरू केल्या. वेगळे काम करणाऱ्या, वेगळ्या गतीच्या माणसांनी एका छपराखाली राहायचे, हे तिथले सूत्र. वाचायला सोपे वाटते. आमच्यासाठी मात्र यातले प्रत्येक ठिकाण किमान एका रात्रीच्या एसटीइतके लांब आहे.

गेल्या वर्षी घाटावरच्या एका निवासात आम्ही चौकशीला गेलो. जागा स्वच्छ होती, माणसे बरी होती. अर्जात विचारले होते: स्वतः जेवतो का, आंघोळ करतो का, फिट येते का, मारतो का. आम्ही उत्तरे भरली. भरलेला अर्ज परत वाचला तेव्हा त्यात कोणीही असू शकले असते. 'नाही कसे म्हणतो' हा रकाना नव्हता.

घरी येऊन आम्ही एक दोनशे पानी वही घेतली.

धाकटा 'नाही' हा शब्द उच्चारत नाही. पाणी नको असेल तर पेला उजवीकडे सरकवतो. डावीकडे सरकवला तर 'थोड्या वेळाने'. माणूस नको असेल तर त्याच्या चपला उचलून दाराबाहेर, जोडीने, नीट ठेवतो. (वाडीत पाहुण्यांना हा अगत्याचा प्रकार वाटतो.) दात दुखत असेल तर गुणगुणणे थांबते; बाकी कोणतीही तक्रार नाही. कान झाकले तर आवाज जास्त झाला आहे, पण दिर्बादेवीच्या जत्रेत कान झाकूनही त्याला तिथेच थांबायचे असते. ओढून घरी आणू नये. पावसाचा कौलांवरचा आवाज चालतो, पत्र्यावरचा चालत नाही. हे शेवटचे वाक्य लिहिताना त्या निवासाची छपरे आम्हांला आठवली.

भाषा शिकवणाऱ्या माणसाला हे लेखन जड जाते. विशेषणे लिहून उपयोग नाही. 'प्रेमळ', 'हट्टी' हे शब्द रात्रपाळीच्या अनोळखी मुलाला पहाटे चार वाजता काही सांगत नाहीत. बँकेतली लिहिते ते नोंदवहीसारखे आणि अधिक चांगले: कधी, काय, किती वेळ, मग काय करावे. साहित्यवाला फुले काढत बसतो आणि ती खोडते. आई वाचत नाही. तिला वाचून दाखवावे लागते. "तेका इतक्या सांगूक लागना नाय," ती म्हणते. तिला सांगावे लागत नाही, हे खरे. तिच्याजवळ ही वही कधी नव्हतीच. म्हणून तर ती आता लिहावी लागते.

आजवर चौसष्ट पाने झाली आहेत. खरा पेच वहीत मावत नाही: धाकट्याला जायचे आहे का? कायदा म्हणतो त्याची इच्छा जाणून घ्यावी. आम्ही त्याला त्या निवासाचे फोटो दाखवले. त्याने ते एकसारखे रचले, कोपऱ्याला कोपरा जुळवून, आणि डावीकडे सरकवले. मोठीने नोंद केली: 'थोड्या वेळाने.' पण तो अर्थ पेल्याचा आहे, फोटोंना लागू होतो की नाही याबद्दल आमचे एकमत नाही. आईला विचारले. तिने फोटो पुन्हा त्याच्यासमोर मांडले, आणि तो परत सरकवेपर्यंत आम्ही तिघेही त्याच्या हाताकडे बघत बसलो.