हलका हात

माणूस ज्या गोष्टी फारसा विचार न करता दुसऱ्याच्या स्वाधीन करतो, त्यांत त्याचा गळा ही पहिली होय. पैसे देताना आपण दहादा मोजतो, घराची किल्ली शेजारी ठेवताना दोनदा घुटमळतो. पण न्हाव्याच्या खुर्चीत बसलो, की डोळे मिटून मान खुशाल मागे टाकतो. तीही पोलादाच्या पात्यापुढे! हा विश्वास केवढा मोठा आहे, हे कळायला मला साठी गाठावी लागली. कारण साठीला मी वस्तऱ्याने स्वतःची दाढी करायला शिकू लागलो.

हा बेत मी जाहीर केला, तेव्हा घरात एकमत झाले. आमच्या घरात ही घटना दुर्मीळ आहे. "अहो, या वयात गळ्याशी खेळ कशाला?" असे सौभाग्यवतींनी विचारले. चिरंजीवांनी आपले पाच पात्यांचे यंत्र मुकाट्याने पुढे केले.

तसे पाहिले तर जगातल्या बहुतेक शोधांमागे भीती असते. पेरे नावाच्या एका फ्रेंच कारागिराने अठराव्या शतकात स्वतःची दाढी स्वतः करण्याच्या कलेवर चक्क एक पुस्तक लिहिले आणि पाते खोल जाऊ नये म्हणून त्याला लाकडी आडोसाही करून पाहिला. पुढे अमेरिकेत जिलेटसाहेबांनी फेकून देण्याजोगी पातळ पाती काढली. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, त्यांची अवघी ५१ यंत्रे आणि १६८ पाती खपली. नंतर मात्र ती एवढी खपली, की पुरुषांच्या काही पिढ्या वस्तरा हाती न धरताच म्हाताऱ्या झाल्या.

मला गुरू लाभले ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेले नाना. वय पंचाहत्तरीपुढे. दुकान आता मुलगा पाहतो आणि गिऱ्हाइकागणिक नवे अर्धे पाते घालतो. नानांचा जुना जर्मन वस्तरा धोकटीत तेलकट फडक्यात गुंडाळलेला असतो. माझी विनंती ऐकून ते म्हणाले, "साहेब, पोरगा शिकला नाही, नातू शिकणार नाही. तुम्ही शिका. पण घाई करायची नाही."

पहिला आठवडा दाढीचे नाव नाही! नुसता चामड्याचा पट्टा आणि त्यावर वस्तरा. पाठ पुढे, धार मागे. टोकाला आले, की पाते न उचलता पाठीवर उलटायचे आणि परत फिरायचे. चुकून धार पुढे गेली, तर चामडेही कापले जाते आणि धारही मरते. दुसऱ्या आठवड्यात फुगा आला. फुगवलेल्या फुग्याला साबणाचा फेस फासायचा आणि तो फुग्याला न दुखवता काढायचा. आमची नात रोज समोर मांडी घालून बसे. आजोबांच्या प्रगतीपेक्षा तिला फट्‌ होणाऱ्या आवाजाची ओढ अधिक होती!

मग गाल आले. त्यांच्यामागून गळा आणि सर्वांत शेवटी हनुवटी व वरचा ओठ. आधी गरम पाण्याने केस चांगले भिजवायचे. डाव्या हाताने कातडी ताणून धरायची. पाते गालावर टेकवून पाठ जेमतेम तीस अंश उचलायची आणि केसांच्या दिशेने खाली आणायची. आडवे मात्र कधीही सरकवायचे नाही. नाना शेजारी उभे राहून एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत, "दाबू नका. त्याचं त्याला वजन आहे, तेवढं पुरे."

मला वाटते, सारी विद्या या वाक्यात आहे. आपण जन्मभर जोर लावायला शिकतो. बाटलीचे झाकण असो की मुलांचा अभ्यास, होत नसले की आणखी दाबतो. वस्तऱ्यापाशी हे चालत नाही. इथे कसब आहे ते हात आवरण्याचे.

हात आवरणे हे या धंद्याला नवे नाही. १८९० साली मुंबईच्या नाभिक मंडळींनी सभा भरवून, विधवांच्या डोक्यावर वस्तरा फिरवायचा नाही, असे ठरवले. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे त्यांच्या पाठीशी होते. पोट ज्या हत्यारावर, तेच हत्यार मिटून ठेवायचे! ज्या घरांत शिकल्यासवरल्यांचे वाद चालले होते, त्या घरांच्या ओसरीवर या माणसांनी साधा नकार दिला. आणि याच माणसांचा हात गालाला लागला, की आंघोळीवाचून घरात पाऊल टाकायचे नाही, अशी आपल्याकडची रीत! बारा बलुतेदारांपैकी हा एक. सुगीला त्याच्या पदरात धान्य पडे, पण तो बसे अंगणातच.

हे मी एकदा नानांजवळ बोललो. ते काही म्हणाले नाहीत. वस्तरा फडक्यात गुंडाळून ठेवला, एवढेच.

गेल्या दिवाळीच्या आदल्या दिवशी मी दुकानात गेलो, तर नाना स्वतःच खुर्चीत बसले होते. अलीकडे त्यांचा हात किंचित कापतो. त्यांनी तो जुना वस्तरा माझ्यापुढे धरला.

"आज माझी करा."

"अहो नाना, मुलगा आहे की!"

"तो आहेच. पण तुम्ही शिकलात की नाही, ते माझ्या गळ्यालाच कळणार."

त्यांनी डोळे मिटले आणि मान मागे टाकली. पन्नासएक वर्षे लोकांनी ज्यांच्यापुढे असाच गळा ओपला, त्यांचा गळा माझ्यापुढे होता. मुलगा हातातली कात्री थांबवून पाहत होता. मी पट्ट्यावर धार फिरवली, फेस लावला, कातडी ताणली आणि दाबले नाही. त्या सुरकुतलेल्या गालावरून पाते आपल्या वजनाने उतरत गेले.

शेवटी तुरटी फिरवली. नानांनी डोळे उघडून हाताची पालथी बाजू हनुवटीखालून फिरवली.

"इथं जरा राहिली आहे," ते म्हणाले. "असू दे. पाडव्याला पुन्हा या."