तीनशे वॉटचं देणं

तो अ‍ॅम्प माझा कधीच नव्हता. विकत घ्यायची ऐपत नव्हती तेव्हा नव्हता, आणि ऐपत आली तोवर तो मालकाबरोबर गोव्याला निघून गेला होता. मधली काही वर्षं मात्र मला तो भाड्याशिवाय मिळत गेला, बहुतेक वेळा मी मागण्याआधीच. बेस गिटारवर माझं जे काही पोट भरलं आणि थोडंफार नाव झालं, ते त्या उसन्या आवाजाच्या जोरावर, असं म्हटलं की आमच्या धंद्यातली तरुण पोरं हसतात. त्यांच्या पाठीवरच्या पिशवीत तीन किलोचा अ‍ॅम्प असतो आणि त्यावर आठशे वॉट लिहिलेलं असतं. हसू देत.

अ‍ॅम्पेग कंपनीचा एसव्हीटी. वर हेड, म्हणजे चौदा व्हॉल्व्ह आणि दोन अवजड ट्रान्सफॉर्मर असलेली पेटी. खाली चार फूट उंचीचं कॅबिनेट, त्यात दहा इंची आठ स्पीकर. हेड पस्तीस-छत्तीस किलोचं, कॅबिनेट साठ किलोच्या वर. जगभरचे बेसवाले या कॅबिनेटला फ्रिज म्हणतात. आमचे हेल्पर गोदरेज म्हणायचे. "गोदरेज आला का रे?" असा पुकारा झाला की थिएटरचा वॉचमन दचकून बघायचा, नाटकाचं सामान समजून.

मालक होते आमचे अंकल. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते रुचणार नाही. गोव्यात साष्टीतल्या एका गावात चर्चच्या मास्तरांकडे व्हायोलिन आणि सोल्फेज शिकलेले, तरुणपणी मुंबईत येऊन धोबीतलावच्या कुडीत, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक बिऱ्हाडात, राहिलेले, हॉटेलांच्या बँडमध्ये आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगना डबल बेस वाजवणारे. पुढे काही वर्षं बोटीवर होते. बोटीवरच्या बँडचं जुनं सामान मोडीत निघालं तेव्हा त्यांनी पगारातून हा अ‍ॅम्प घेतला आणि मुंबईला आणला. मशीन अमेरिकन, एकशेवीस व्होल्टचं. आपल्याकडे दोनशेतीस. त्यामुळे अ‍ॅम्पबरोबर एक केव्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर कायम फिरायचा, राखाडी रंगाचा, हातात धरला की खांदा उतरवणारा. माझगावच्या एका गाळ्यात हे सगळं जुन्या चादरीखाली झाकलेलं असायचं.

मी तेव्हा हिंदी-मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचो. शिवाजी मंदिर, दीनानाथ, गडकरी रंगायतन, आणि गणपतीत मिळेल तो मंडप. बेस गिटारची वायर सरळ भाषणाच्या साउंड सिस्टीममध्ये खुपसायची, ही रीत. माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेल्या भोंग्यातून खालचा सूर येणार कुठून? येई तो टणत्कार, तारेवर नख लागल्याचा. आपण ऐकूच येत नाही म्हटल्यावर वाजवणारा काय करतो, तर जास्त वाजवतो. एका सुराच्या जागी चार घुसवतो, हात वर सरकवून गिटारवाल्याच्या हद्दीत शिरतो. आमच्या सगळ्या पिढीला ही खोड होती. तिचं खापर मी बोटांवर फोडत नाही, भोंग्यांवर फोडतो.

अंकलनी मला असंच कुठेतरी ऐकलं असणार. कार्यक्रम संपल्यावर जवळ येऊन म्हणाले, "पुता, तू इतका धावतो कशाला? कोण पाठीमागे लागलाय?" मी म्हटलं, "अंकल, ऐकूच येत नाही." ते म्हणाले, "मग आधी ते बघू." पुढच्या शिवाजी मंदिरच्या कार्यक्रमाला टेम्पो दारात उभा.

पहिल्यांदा त्या अ‍ॅम्पसमोर उभा राहिलो तेव्हा आधी काहीच झालं नाही. अंकलनी पॉवरचा खटका वर केला आणि स्टँडबाय तसाच ठेवला. व्हॉल्व्ह तापायला वेळ द्यायचा असतो; आतली तार लाल झाल्याशिवाय त्यांच्यावर सहाशे-सातशे व्होल्टचा दाब सोडायचा नाही. तेवढ्यात ते चहा प्यायले. मग स्टँडबाय उघडला, व्हॉल्यूमचं बटण जेमतेम घड्याळातल्या नऊच्या काट्यावर आणलं आणि म्हणाले, "खालचा ई. एकदाच."

वाजवला. ड्रमवाला अजून बसलाही नव्हता, पण त्याच्या स्नेअरच्या जाळीने आपणहून सर्र आवाज केला. हेडवर ठेवलेला रिकामा ग्लास अंगुळभर सरकला. पँटचे पाय पोटऱ्यांवर हलले. कर्कश मात्र काही नव्हतं. हार्मोनियमवाला चार हातांवर बसून कोणाशी तरी बोलत होता आणि त्याचं बोलणं मला स्पष्ट ऐकू येत होतं. मी लगेच दुसरा सूर लावायला गेलो तर अंकलनी तारांवर पंजा ठेवला. "सवकास. पहिला संपू दे."

त्या दिवशी माझं वाजवणं अर्ध्यावर आलं. एक सूर पुरतो हे कळल्यावर उरलेले तीन आपोआप गळाले. गायिका मध्यंतरात विचारत होती, बेसला आज नवा माणूस आलाय का.

या ताकदीमागचं गणित मला पुढे अंकलकडूनच, तुकड्या-तुकड्यांनी कळलं. माणसाचा कान खालच्या सुरांना मंद आहे. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी ते मोजून दाखवलं. मधल्या पट्टीतला सूर थोड्या शक्तीत ऐकू येतो, तेवढाच मोठा भासायला खर्जाला कितीतरी पट जोर लागतो. त्यात आवाज दुप्पट वाटायला शक्ती साधारण दहापट लागते. बेसच्या सगळ्यात जाड तारेचा सूर सेकंदाला एक्केचाळीस कंपनांचा, त्याची एक लहर आठ मीटरहून लांब. ती हलवायला हवा ढकलावी लागते. शिवाय तार छेडताक्षणी जो झटका येतो तो सुरापेक्षा कितीतरी मोठा असतो. तो झटका न फाटता जावा म्हणून शक्ती हाताशी ठेवायची. तीनशे वॉटमधले आम्ही एरवी तीस-चाळीस वापरत असू. उरलेले कशाला, असं मी एकदा विचारलं. अंकल म्हणाले, "बँकेत असू दे."

आणि गंमत अशी की त्या आठ स्पीकरांच्या बंद पेटीतून तो एक्केचाळीसचा मूळ सूर पुरता येतच नाही. पेटीचा खरा जोर साठाच्या वरचा. आपल्याला ऐकू येतात ते त्याच्या वरचे सहस्वर, आणि खालचा पाया कान स्वतः भरून काढतो. तानपुऱ्यात न छेडलेला गंधार ऐकू येतो हे मी आजोबांकडून ऐकलेलं होतं. इथे न वाजलेला खर्ज. काही बेसवाले म्हणतात एसव्हीटीला खोली कमी आहे, ते या हिशेबाने खरं आहे. पण बँडच्या गोंगाटात जो ठोसा आरपार जातो तो याच कमी खोलीमुळे. पंधरा इंची स्पीकरचा घुमारा खोलीत एकट्याने ऐकायला छान, ड्रम सुरू झाले की तो चिखल होतो. माझं मत, वाद घालायला तयार आहे.

अ‍ॅम्पेग कंपनीचा मूळ पुरुष एव्हरेट हल हा स्वतः डबल बेस वाजवायचा. १९४०च्या दशकात त्याने वाद्याच्या तळाच्या खुंटीतून आत मायक्रोफोन बसवला, तिथून हा उद्योग सुरू झाला. अंकलना त्याच्याबद्दल भाऊबंदासारखी आपुलकी होती. हलला रॉक आवडत नसे, आवाज फाटलेला तर मुळीच नाही. त्याने कंपनी विकली, आणि मग १९६९ साली तिने रॉकसाठीच हा राक्षस काढला. गिटारवाले तोवर शंभर वॉटच्या भिंती उभ्या करून बसले होते, मैदानं आणि स्टेडियमं भरत होती, बेस त्यात बुडत होता. त्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात रोलिंग स्टोन्सनी हे अ‍ॅम्प वापरले, बेसलाच नव्हे तर गिटारलासुद्धा. सुरुवातीला एका हेडबरोबर दोन-दोन कॅबिनेट देत, कारण तीनशे वॉट एकट्या कॅबिनेटला झेपत नसत.

अंकलचा खरा देव मात्र वेगळा होता. डेट्रॉइटच्या मोटाऊन रेकॉर्ड कंपनीतला बेसवाला जेम्स जेमर्सन. एकाच बोटाने वाजवायचा, तारा तुटल्याशिवाय बदलायचा नाही. त्याच्याकडे अ‍ॅम्पेगचाच जुना, पंचवीस-तीस वॉटचा बी-१५ असे, आणि रेकॉर्डिंगला तर बहुधा वायर थेट मिक्सरमध्ये. साठच्या दशकातल्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांचा पाया त्याने घातला, पण मोटाऊनच्या रेकॉर्डवर वादकांची नावं छापायची रीत नव्हती. १९७१ साली गायक मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या अल्बमच्या वेष्टनावर त्याचं नाव छापलं गेलं. १९८३ साली तो गेला, पन्नाशीही न गाठता. हे सांगताना अंकलच्या आवाजात कडवटपणा नसायचा. आपल्या सिनेमाच्या रेकॉर्डवरही व्हायोलिन कोणाचं, बेस कोणाचा हे कुठे छापलेलं असे? धोबीतलावच्या कुडींत अशी बिननावाची माणसं खंडीभर होती. एखादं गाणं रेडिओवर लागलं की अंकल फक्त दोन बोटं टेबलावर हलवायचे. मग समजायचं.

दुरुस्तीचं शिक्षणही अंकलकडचंच. हेडचा मागचा पत्रा काढायच्या आधी प्लग काढून भिंतीपासून लांब टाकायचा. तरीही आत हात घालायचा नाही, कारण कपॅसिटर वीज धरून बसलेले असतात. अंकलकडे एक जाड रेझिस्टर होता, दोन्ही टोकांना वायर आणि चिमटे लावलेला. त्याने एकेक कपॅसिटर रिकामा करायचे, मीटर लावून शून्य बघायचे. तेवढा वेळ डावा हात पँटच्या खिशात. वीज एका हातातून दुसऱ्या हातात गेली तर वाटेत काळीज लागतं. मीसुद्धा आजवर त्या पेटीपुढे डावा हात खिशात घालूनच उभा राहतो. चालू अ‍ॅम्पच्या जाळीतून बघायला शिकवलं तेही त्यांनीच: काचेपाशी निळसर झाक दिसली तर घाबरायचं नाही, पण आतला पत्रा लाल व्हायला लागला तर गाणं अर्धं राहू दे, आधी स्टँडबाय. आणि स्पीकरची वायर लावल्याशिवाय चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. व्हॉल्व्ह आणायला, कपॅसिटर शोधायला लॅमिंग्टन रोडला आम्ही बरोबर जायचो. दुकानदाराने आकडा सांगितला की अंकल चष्मा काढून पुसायला घ्यायचे. ते पुसणं लांबेल तसा आकडा उतरायचा.

मंडपातल्या जनरेटरवर अर्थिंग बेभरवशाची. गायकाच्या ओठाला माइकचा झटका बसला की सगळे बेसच्या अ‍ॅम्पकडे बोट दाखवत, सगळ्यात मोठा तोच म्हणून. एका आयोजकाने तर त्यावरून माझे पैसे कापले, टेम्पोचं भाडं द्यायचं नाकारलं. अंकलनी दुसऱ्या दिवशी मला टेम्पोचे पैसे दिले आणि पुढच्या वेळेपासून मीटर व अर्थिंगची वेगळी वायर पाठवली. आयोजकाबद्दल एक शब्द नाही.

हळूहळू मुंबईतले इतर बेसवालेही त्या गाळ्यात येऊ लागले. वाजवून बघायचे आणि प्रत्येक जण काहीतरी वेगळंच घेऊन जायचा. मेटल वाजवणारा एक मुलगा बटण दोनच्या काट्यापर्यंत नेऊन ती करकरीत गुरगुर काढायचा आणि डोळे मिटायचा. अंकल कानात कापूस घालून कौतुकाने बघत बसायचे. जॅझवाला एक जण म्हणाला, हळू वाजवलं तरी सूर बारीक होत नाही, फक्त लांब जातो. एकाला अजिबात आवडला नाही. म्हणाला, यात माझ्या बोटांची बारीक चूक लपते, मला लपलेली नको. मला वाटतं सगळ्यात खूश ड्रमवाले असायचे. किक आणि बेस एकत्र पाठीत बसला की त्यांचा हात हलका पडतो, हे माझ्या कानांनी अनेकदा ऐकलंय.

हे सगळं खांद्यावर वाहणारी दोन पोरं होती. फ्रिजला मागे चाकं असतात, पण थिएटरच्या मागच्या जिन्याला चाकांचा काय उपयोग. एक खाली, एक वर, मध्ये पट्टा, आणि प्रत्येक पायरीला एक शिवी. वरचा उलटा चढायचा, पाठीमागे न बघता. माझं बोट कधी कॅबिनेटला लागू दिलं नाही. "तू हात सांभाळ, वाजवायचंय तुला." मला टाळ्या मिळत तेव्हा ते विंगेत ट्रान्सफॉर्मरवर बसून वडापाव खात असत.

अंकल गोव्याला परत गेले तेव्हा अ‍ॅम्पही गेला. मागे एकदा त्यांच्याकडे गेलो तो सहा पॉवर व्हॉल्व्हचा जुळवलेला संच घेऊन. ६५५०, एकाच मापाचे. पैसे घेतले नसते म्हणून वस्तू. त्यांनी प्रत्येक व्हॉल्व्ह उजेडात धरून पाहिला, खोक्यात परत ठेवला, "देव बरें करूं" म्हणाले आणि लगेच विचारलं, "त्या दोघा पोरांना काय दिलंस?"

काही दिलं नव्हतं. आता त्यांतल्या एकाची स्वतःची साउंड कंपनी आहे, दोन टेम्पो आहेत, माझे बरेच कार्यक्रम तोच करतो. त्याच्याकडे नवा एसव्हीटी आहे, फ्रिजसकट. बिल येतं त्यात मिक्सर असतो, माइक असतात, मजुरी असते. बेस अ‍ॅम्पची ओळ नसते. दर वेळी फोन करून भांडतो. "अंकलनी सांगून ठेवलंय," एवढंच म्हणतो. परवा ठाण्याच्या कार्यक्रमाच्या वेळी फारच अडून बसलो तर म्हणाला, "बरं, एवढंच असेल तर जिन्यात खालची बाजू तू धर."