घरचा प्रेस करताय? आधी चॅनेलचा हिशोब मांडा



राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडतं तेव्हा नदीकाठच्या कितीतरी मोटारी पाण्याखाली जातात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. पाणी ओसरलं की वाइंडिंगवाल्याकडं रांग लागते. बेअरिंगात गाळ शिरून ती शाफ्टला अशी धरतात की हलायचं नाव नाही. गुऱ्हाळाच्या हंगामात चरकाचं बेअरिंग गेलं तर आणखी वाईट, तोडलेला ऊस फडात वाळत पडतो. उद्यमनगरात नंबर लागेपर्यंत कोण थांबणार? मग घण निघतो आणि शाफ्टचं तोंड फुलून बसतं.

म्हणून आता गावोगावी घरच्या शेडात प्रेस होऊ लागलेत. २० टनाचा बॉटल जॅक, चार चॅनेलं, एक वेल्डर, झालं काम. माझ्याही शेडात आहे आणि मोठ्या उपयोगाचा आहे. पण हे यंत्र पिकाच्या औषधासारखं आहे, प्रमाण चुकलं की अंगावर येतं.

माझा करताना वेल्डर म्हणाला, "दादा, एवढं जड चॅनेल कशाला? १०० चं रग्गड झालं." बघायला रग्गडच वाटतं. पण जॅकला आपला अंदाज कळत नाही. दांडा मारत राहिलं की तो २० टन देणारच, आणि ते २० टन वरच्या आडव्या बीमच्या मधोमध बसणार. मी त्याला वहीच्या पानावर मांडून दाखवलं, तेच इथं देतो.

दोन खांबांत अंतर ६० सेंमी धरा. मधोमध २०,००० किलो. वाकवणारा जोर म्हणजे वजन गुणिले अंतर भागिले ४, म्हणजे ३,००,००० किलो-सेंमी. याला चॅनेलच्या 'सेक्शन मॉड्युलस'नं भागायचं. तो आकडा पोलादाच्या तक्त्यात मिळतो. बीमला दोन चॅनेलं जोडून, उभी धरून:

१०० बाय ५० चं चॅनेल: दोन्हीचे मिळून सुमारे ७५, ताण ४,००० किलो दर चौ. सेंमी.
१२५ चं चॅनेल: सुमारे १३३, ताण २,२५० च्या आसपास.
१५० बाय ७५ चं चॅनेल: सुमारे २०८, ताण साधारण १,४५०.

साधं लोखंड २,५०० च्या आसपास कायमचं वाकायला लागतं. म्हणजे १०० चं चॅनेल पूर्ण जोर यायच्या आधीच गेलं. १२५ चं काठावर. १५० चं निभावतं. वरचा बीम आणि खालचा बेड धरून तीनेक मीटर चॅनेल लागतं. १०० आणि १५० मधला फरक वीस-बावीस किलो लोखंडाचा. तेवढ्यासाठी पोराच्या हातापायाशी खेळायचं का? वेल्डर गप झाला आणि १५० चं कापायला घेतलं.

आता बाकीचं.

पिना. बेड दोन पिनांवर बसतो आणि प्रत्येक पीन दोन जागी कातरते, म्हणजे एका जागेला ५ टन. २० मिमीची साधी पीन यात टिकत नाही, २५ च्या खाली जाऊ नका. जॉब एका बाजूला सरकला तर एकाच पिनेवर जास्त भार येतो, म्हणून जॉब मधोमधच ठेवा. भंगारातल्या सळईचा तुकडा पीन म्हणून घालू नका.

चॅनेलची जोडी. दोन चॅनेलं एकट्यानं पिळतात. मधे पट्ट्या टाकून एकमेकांना बांधा. बीमच्या फ्लँजला भोकं पाडू नका. खांबाच्या सांध्यावर नुसत्या वेल्डिंगवर विसंबू नका, जाड बोल्टही द्या.

जॅक. साधा बॉटल जॅक उलटा चालत नाही, हवा ओढतो. तो सरकत्या पाटावर सरळ उभा करायचा, मुंडकं वरच्या बीमला, आणि पाट वर ओढायला दोन स्प्रिंगा. जॅकच्या सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. दांड्याला पाईप घालून लांब करायचा नाही. पंप आणि होज वेगळा जोडला असेल तर गळती बोटानं शोधू नका. आपल्या पाठीवरच्या फवारणी पंपात ३-४ किलोचा दाब असतो, इथं शेकडो किलोचा. तेल कातडीतून आत जातं. टाचणीएवढं भोक दिसलं, दुखत नसलं, तरी त्याच तासाला दवाखाना.

जॉब. तेल दबत नाही, पण फ्रेम आणि शाफ्ट थोडं वाकून स्प्रिंगसारखा जोर साठवतात. काही तुटलं की तो जोर सगळा त्या तुकड्यात जातो. बेअरिंगची रिंग कडक पोलादाची असते, ती वाकत नाही, फुटून उडते. शाफ्टवर बसवताना आतल्या रिंगवर दाबा, घरात बसवताना बाहेरच्या. गोळ्यांमधून जोर जाऊ देऊ नका. बिडाची पुली काढताना टेकू बॉसला, अगदी भोकाजवळ द्या. कडेला टेकवली तर बीड आवाजसुद्धा न देता फुटतं.

समोर जाड पोलादी जाळी लावा. पंप मारणारा बाजूला उभा राहील, समोर कोणी नाही. चष्मा घाला. लेकरं शेडाबाहेर. दाब असताना हातानं जॉब सरळ करायचा नाही. अडला तर जॅक सैल करा, गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवा. उद्या निघेल. नाही निघालं तर मोठ्या प्रेसवाल्याकडं न्या, त्यात कमीपणा नाही.

पहिल्या दिवशी प्रेसची परीक्षा घ्या. मधे भरीव लोखंडी ठोकळा ठेवा, बीमला सरळ पट्टी लावून बघा आणि टप्प्याटप्प्यानं दाब वाढवा. १५० ची जोडी पूर्ण जोराला पाव मिमीच्या आसपासच वाकायला पाहिजे. डोळ्याला वाक दिसायला लागला तर तिथंच थांबा. जॅक सैल करून पट्टी पुन्हा लावा. थोडाही वाक शिल्लक राहिला असेल तर ती फ्रेम भंगारवाल्याची, आपली नव्हे.

प्रेस दरवर्षी पुराआधी आणि गुऱ्हाळ सुरू व्हायच्या आधी धुऊन, वेल्डिंगवर चिरा आहेत का ते बघून घ्यावा. मी मे महिन्यात एक सकाळ त्यासाठी राखून ठेवतो.