संकल्प टिकतो कसा?

“डॉक्टरसाहेब, उद्यापासून नक्की चालायला जातो,” असं सांगून गेलेले मधुमेहाचे अनेक रुग्ण तीन महिन्यांनी तेवढीच साखर घेऊन परत येतात. इच्छा खरी असते, पण वेळ ठरलेली नसते.

अशा वेळी मला आपल्या भूम तालुक्याच्या शेजारचं जामखेड आठवतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९६० मध्ये लग्न करताना खेड्यातल्या गोरगरिबांची सेवा करण्याचं व्रत घेतलं. त्यामागे ख्रिस्तावरची श्रद्धा होती. पण नुसत्या श्रद्धेवर ते थांबले नाहीत. अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं, आराखडा तयार केला आणि १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं. गावातल्या निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. व्रत आणि जामखेड यांत दहा वर्षांचं अंतर होतं, हे लक्षात घ्या.

मी ख्रिस्ती आहे. रक्तदाबाची माझी गोळी मी सकाळच्या प्रार्थनेला जोडली आहे. प्रार्थना चुकत नाही, म्हणून गोळीही चुकत नाही. तुम्ही ती पूजेला, नमाजाला किंवा सकाळच्या चहाला जोडा. चालण्याची वेळ आणि रस्ता आजच ठरवा, घरच्यांना सांगा, कॅलेंडरवर रोज खूण करा. एक दिवस चुकला तर संकल्प मोडला असं समजू नका. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला निघा.