मोडण्याची मुभा

संगणकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला पुस्तकांइतकीच आणखी एका गोष्टीची गरज असते: मोडता येईल अशा संगणकाची. कार्यप्रणालीचा गाभा बदलून पाहावा, नेटवर्कची मांडणी उलटसुलट करावी, एखाद्या चुकीच्या आज्ञेने सारी डिस्क पुसली जावी आणि मग ती का पुसली गेली याचा शोध घेत रात्र सरावी. हे सारे ज्या यंत्रावर करता येते, तेच यंत्र खऱ्या अर्थाने शिकवते. पण प्रयोगशाळेतल्या संगणकावर उद्या दुसऱ्या तुकडीचे प्रात्यक्षिक असते, म्हणून तिथे प्रशासकाचे अधिकार मिळत नाहीत. घरी संगणक असेलच असे नाही, आणि असला तरी तो साऱ्या घराचा असतो.

या अडचणीवरचे उत्तर अर्धशतकाहून जुने आहे. आयबीएमने १९७२ साली व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. एकच मोठे यंत्र अनेकजण वापरत, पण प्रत्येकाला आपल्यापुढे स्वतंत्र संगणक असल्याचा अनुभव येई. १९७४ साली गेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी अशा आभासी संगणकाची लक्षणे नेमकेपणाने मांडली. आत चालणाऱ्या प्रोग्रॅमला खऱ्या यंत्राहून वेगळे काही जाणवू नये, बहुतेक आज्ञा थेट प्रोसेसरवर चालाव्यात आणि साधनांचा ताबा मात्र सर्वस्वी नियंत्रकाकडे राहावा. नेहमीच्या वापरातल्या प्रोसेसरांमध्ये यासाठीची सोय २००५-०६च्या सुमारास आली. फेब्रुवारी २००७मध्ये लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत केव्हीएमचा समावेश झाला, आणि साधा लिनक्स सर्व्हरही अनेक संगणकांचा यजमान होऊ शकला.

तरीही विद्यार्थी आणि हे आभासी यंत्र यांच्यामध्ये लांबलचक आज्ञांची भिंत उरलीच होती. ती ओलांडण्यासाठी वेब-आधारित व्यवस्थापक आले. आयआयटी दिल्लीतील ‘बादल’ हे त्याचे अस्सल भारतीय उदाहरण. तिथल्या संगणक सेवा केंद्रासाठी घडवलेली ही प्रणाली सुरुवातीला केव्हीएम आणि लिबव्हर्ट या मुक्त सॉफ्टवेअरच्या पायावर उभी राहिली. ब्राउझरमध्ये अर्ज भरायचा, किती कोअर आणि किती मेमरी हवी ते सांगायचे, मार्गदर्शक प्राध्यापकांची संमती घ्यायची. त्यानंतर यंत्र हाती येते. सर्व्हर कोणत्या खोलीत आहे, हे ठाऊक असण्याचीही गरज नाही.

मात्र वापरणाऱ्याला जे एका बटणाचे काम वाटते, ते उभारणाऱ्यासाठी तसे नसते. प्रोसेसरमधली आभासीकरणाची सोय अनेक सर्व्हरांवर बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. आधी ती चालू करावी लागते. मग केव्हीएम, डिस्क आणि नेटवर्क कार्डासारख्या उपकरणांचे सोंग वठवणारे क्यूईएमयू, या दोघांशी एका ठरावीक भाषेत बोलणारे लिबव्हर्ट आणि सर्वांत वर ब्राउझरला दिसणारा व्यवस्थापक, असे थर चढतात. आभासी यंत्रांना बाहेरच्या नेटवर्कशी जोडण्यासाठी ‘ब्रिज’ बांधावा लागतो. हे काम दुरून करताना एक ओळ चुकली, तर ज्या जोडणीवरून काम चालले आहे तीच तुटते आणि कोणाला तरी कीबोर्ड घेऊन सर्व्हरच्या खोलीत जावे लागते.

डिस्कचा हिशेब याहून फसवा असतो. ५० जीबीची म्हणून दिलेली आभासी डिस्क प्रत्यक्षात बहुधा तेवढीच जागा घेते, जेवढे तिच्यावर लिहिले गेले आहे. त्यामुळे ३०० जीबी जागेत अशा दहा डिस्का सुखाने नांदताना दिसतात. एखाद्या रात्री कोणाचा तरी प्रोग्रॅम नोंदींमागून नोंदी लिहित सुटतो आणि मूळ डिस्क भरते. मग ज्या यंत्राला नवे काही लिहायचे असेल, ते प्रत्येक यंत्र जागच्या जागी थबकते. एकाची चूक त्याच्यापुरती राहावी म्हणून भिंती घातल्या. पण जमीन सामायिक आहे, हे तेव्हा कळते. यंत्राचा ‘स्नॅपशॉट’ घेऊन ठेवला तरी तो बहुधा त्याच डिस्कवर असतो. मागे परतण्यासाठी तो उत्तम, पण डिस्कच गेली तर त्याचा उपयोग नाही. खरी प्रत दुसऱ्या यंत्रावरच ठेवावी लागते.

सर्वांत मोठी जोखीम त्या सोयीच्या पानातच असते. साऱ्या यंत्रांच्या किल्ल्या तिथे एकत्र असतात. व्यवस्थापकाचा एक पासवर्ड चोरीला गेला, तर चोर एका खोलीत नव्हे, साऱ्या वाड्यात शिरतो. फेब्रुवारी २०२३मध्ये जगभरातील हजारो व्हीएमवेअर ईएसएक्सआय सर्व्हरांवर खंडणीखोरांनी हल्ला केला आणि आभासी यंत्रांच्या फाइलींनाच कुलूप घातले. ज्या त्रुटीकडे प्रामुख्याने बोट दाखवले गेले, तिची दुरुस्ती दोन वर्षे आधीच उपलब्ध होती. त्यापूर्वी नोव्हेंबर २०२२मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती बाधित झाल्याचे, आणि नेटवर्कची योग्य विभागणी नसल्याने हे घडल्याचे सरकारने संसदेत सांगितले. रुग्णालयाला कित्येक दिवस कागदावर कामकाज चालवावे लागले. म्हणून व्यवस्थापनाचे पान खुल्या इंटरनेटवर ठेवू नये, तिथे व्हीपीएनमधूनच जाता यावे, दुहेरी पडताळणी असावी आणि विद्यार्थ्यांच्या यंत्रांचे नेटवर्क व्यवस्थापनाच्या नेटवर्कपासून वेगळे असावे, हे नियम कागदी सोपस्कार नव्हेत.

तंत्र इथे संपते आणि माणसांचा प्रश्न सुरू होतो. यंत्र कोणाला द्यायचे, किती मोठे द्यायचे आणि परत कधी घ्यायचे? प्रकल्प संपतो, विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातो, पण त्याचे यंत्र सर्व्हरवर मेमरी अडवून बसते. देतानाच मुदत ठरवावी, मुदत संपण्याआधी सूचना जावी आणि मगच जागा मोकळी व्हावी, एवढे सौजन्य कोणतेही सॉफ्टवेअर आपणहून दाखवत नाही. ते ठरवणारा कोणीतरी असावा लागतो.

मार्च २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने इंडियाएआय मिशनसाठी १०,३०० कोटी रुपयांहून अधिक तरतुदीला मंजुरी दिली, आणि महागड्या प्रोसेसरांची चर्चा देशभर झाली. ती योग्यच होय. पण ६४ जीबी मेमरीचा एखादा जुना सर्व्हरही प्रत्येकी २ जीबीची २४ यंत्रे देऊन स्वतःसाठी १६ जीबी राखू शकतो. वर उल्लेखलेली बहुतेक सॉफ्टवेअर विनामूल्य आहेत. तालुक्याच्या महाविद्यालयात धूळ खात पडलेला असा एक सर्व्हर म्हणजे २४ विद्यार्थ्यांना मिळू शकणारी चुकण्याची जागा होय. तिथे एखादीने आपली सारी डिस्क पुसून टाकावी, आणि शेजारच्याच्या प्रोग्रॅमला त्याची गंधवार्ताही नसावी.